ज्याची गाडी, त्याचा आकडा

या व्यवहारात मला अठरा फूट लांब आणि दहा फूट रुंद सावली मिळणार होती. खामगावच्या एप्रिलमध्ये ही काही थोडी प्राप्ती नव्हे. दिगंबरला मिळणार होता अंगाला ग्रीसचा वास न येणारा बाप. पुंजाजींना मात्र नवीन काहीच मिळायचं नव्हतं. जिंकले तर जे होतं तेच त्यांच्याकडे राहणार होतं, एवढंच. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि पेशाने ऑडिटर होतो. तिघांच्या व्यवहारात एकाचा जमेचा रकाना कोरा दिसला की तिथे बोट ठेवून थांबायचं, हे मी इतरांना शिकवत असे.

"खडू दे," पुंजाजी म्हणाले.

मी खडू दिला. रविवारची सकाळ होती, आठ वाजले असतील. माझ्या फियाटचं पुढचं डावं चाक जॅकवर उचललेलं होतं. पुंजाजी मिस्त्री चौऱ्याहत्तर वर्षांचे, बनियन आणि वर दुमडलेला पायजमा, फरशीवर मांडी घालून बसलेले. एका हाताने चाक फिरवत होते; दुसऱ्या हातातला खडू विटेवर टेकवून टायरला लावलेला. चाक पूर्ण एक वळसा फिरलं आणि टायरवर गोल पांढरी रेघ उमटली.

"टायर लपलपते," ते म्हणाले. "रेघ नाही लपलपत. माप घ्याचं ते रेघीचं घ्याचं."

"काकाजी, हे तुम्ही मला दिवाळीतही सांगितलं होतं."

"तुले दोनदा सांगा लागते. हिशोबी मानूस तू, एकदा ऐकून इस्वास नाही ठेवत."

हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत होतं आणि मला ते आवडायचं.

पुंजाजींनी बसच्या डेपोत चाळीस वर्षं चाकं सरळ केली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपलं घर आणि माझं घर यांच्यामधल्या जागेत टिनाचं शेड घातलं आणि खाली शहाबादी फरशी स्वतः बसवली. रबरी नळीत पाणी भरून तिची पातळी त्यांनी अशी काही साधली होती, की मधोमध तांब्या उपडा केला तरी पाण्याला कुठल्या बाजूला जावं ते कळत नसे. गावातल्या फियाटी, अँबॅसेडर, दोन-चार जीपा, सगळ्या त्या फरशीवर येत. सामान म्हणाल तर सुताची दोरी, ओळंबा, खडू, स्टीलचा टेप आणि दोन पाने. हे सगळं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावायचं.

काम तसं पाहिलं तर सोपं. गाडीची पुढची दोन चाकं एकमेकांना अगदी समांतर नसतात. पुढच्या अंगाने केसभर जवळ यावी लागतात, म्हणजे पळताना सरळ होतात. केसभर म्हणजे पुंजाजींच्या भाषेत अर्धं सूत. इंचाचा आठवा भाग ते सूत, त्याचं अर्धं. यापेक्षा जास्त झालं तर टायर रस्त्यावर घासत जातं, झिजतं. दोरी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणून स्टिअरिंग सरळ आहे ना ते बघायचं, मग दोन रेघांमधलं अंतर एकदा मागून मोजायचं आणि एकदा पुढून.

आणि या मोजण्यात त्यांचा एक नियम होता. टेपचं शून्याचं टोक ते स्वतः धरत. आकडा वाचायचा गाडीच्या मालकाने.

"ज्याची गाडी, त्याचा आकडा," ते म्हणत. "उद्या कोनी म्हनाले नको का मिस्त्रीनं काहीतरी वाचलं आन काहीतरी सांगतलं."

मोतीबिंदू पुढे झाला. आता टेपवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या, पण नियम आधीचाच असल्यामुळे काम अडत नव्हतं. मी एकदा गमतीने विचारलं होतं, "काकाजी, मालकानेच खोटं वाचलं तर?"

ते खरोखर विचारात पडले होते. मग म्हणाले, "सोताच्या टायरशी कोन खोटं बोलन, बाप्पा?"

---

पैज दिगंबरने लावली होती. दिगंबर त्यांचा एकुलता एक मुलगा, ज्युनिअर कॉलेजात शिकवायचा. बापाची त्याला लाज वाटायची असं म्हणणं अर्धंच खरं आहे. मार्चमध्ये पुंजाजी एका जीपखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. सुनेने, कुसुमने, शेवटी पाय धरून ओढून काढलं तेव्हा त्यांना घेरी आलेली होती. ती भीती खरी होती. लाजही खरी होती. दोन्ही एकाच खात्यात होत्या आणि दिगंबरला स्वतःलाही त्या वेगळ्या काढता येत नसत.

त्याच सुमाराला बायपासवर कॉम्प्युटरवाल्या अलाइनमेंटचं दुकान उघडलं. दिगंबर जेवताना म्हणाला, "बाबा, तुमच्या हातची एक गाडी मशीनवर दाखवू. मशीनने बरोबर म्हटलं तर मी जन्मात बोलणार नाही. चूक निघाली तर दोरी डब्यात. कायमची."

"कोनाची गाडी?" पुंजाजींनी विचारलं.

"मनोहरभाऊंची. शेजारचीच आहे."

"चालते," म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. हे सगळं मला कुसुमने सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी दिगंबर माझ्या ओट्यावर आला. चहा घेतला. कॉलेजच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाला, "आकडा तुम्हीच वाचणार ना, मनोहरभाऊ?"

"नियमच आहे त्यांचा."

"हो. नियमच आहे." तो रस्त्याकडे बघत होता. तिथे माझी फियाट उभी होती, दिवसभर उन्हात भाजून निघालेली. डॅशबोर्डला भेगा पडल्या होत्या. दुपारी स्टिअरिंगला हात लावायचा तर आधी फडकं गुंडाळावं लागे. "बाबांचं काम थांबलं की ते शेड रिकामंच राहणार. तुम्ही लावत जा गाडी तिथे. बिचारी उन्हात असते."

"अरे, कशाला उगीच," मी म्हणालो.

"उगीच कसं? शेजारी आहात."

बस, इतकंच बोलणं झालं. याच्यावर ना त्याची सही होती ना माझी. ऑडिटमध्ये असे व्यवहार मी शेकड्याने पकडले आहेत. कागदावर काही नसतं, आणि दोन्ही बाजूंना सगळं माहीत असतं.

---

रविवारी गाडी जॅकवरून खाली घेतली. ड्रायव्हरच्या जागी पुंजाजींनी गव्हाचं पोतं ठेवायला लावलं, कारण रिकाम्या गाडीचं माप त्यांच्या लेखी माप नव्हतं. त्या पोत्याला ते 'शेठ' म्हणायचे.

"शेठ बसले का?"

"बसले."

"मंग ढकला. पुढं. मागं नको ढकलजा, मागं ढकलली का चाकं खोटं उभे राह्यते."

दिगंबरने आणि मी गाडी दोन हात पुढे ढकलली. पुंजाजी उजव्या चाकापाशी गेले, वाकले, टेपचं शून्य रेघेवर अंगठ्याने दाबून धरलं. मी डाव्या चाकापाशी.

"मागून?"

"अठ्ठेचाळीस इंच, चार सूत."

"पुढून?"

मी टेप बघितला. अठ्ठेचाळीस इंच, साडेतीन सूत. दिवाळीत त्यांनीच करून दिलेली गाडी जशीच्या तशी होती, अर्ध्या सुताला अर्धं सूत. करायचं काहीच नव्हतं. हात पुसायचे आणि मशीनवर जायचं. पुंजाजी पैज जिंकलेले होते आणि ते फक्त मला दिसत होतं.

"काय झालं, दिसत नाही का? तुलेही चश्मा लागला का काय?"

"पाच," मी म्हणालो. "अठ्ठेचाळीस इंच, पाच सूत."

त्यांनी टेपचं शून्य पुन्हा एकदा रेघेवर दाबलं.

"पाच?"

"पाच."

"दिवाळीत मीच केली व्हती हे."

"रस्ते कसे झालेत बघा ना काकाजी. शेगाव रोडला खड्डे चुकवता चुकवता..."

"हाव," ते म्हणाले. "रस्ते खराब हाय." आणि पाना घेऊन गाडीखाली शिरले.

आज मला सगळ्यात जास्त आठवतात ते त्यांचे पाय. गाडीखालून बाहेर राहिलेले दोन तळवे, भेगाळलेले, फरशीवर टाचा टेकवून जोर लावणारे. हातांना माहीत होतं की ही गाडी त्यांनी बरोबर केलेली आहे. तरी त्यांनी हातांचं ऐकलं नाही, माझं ऐकलं. आतून नट सुटल्याचा आवाज आला, मग दोन चाकं जोडणारा दांडा फिरल्याचा. दिगंबर जवळच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. फरशी मात्र आम्ही दोघांनी फार बारकाईने बघितली.

ते बाहेर आले. गाडी पुन्हा पुढे ढकलली. पुन्हा टेप.

"मागून?"

"पावणेपाच सूत." हा आकडा खरा होता.

"पुढून?"

"सव्वाचार." हा माझा होता. टेपवर पावणेतीन होते.

"अर्ध्याचा फरक. झालं." ते उठले, गुडघा धरून. "चला, आता तुमच्या मशीनले दाखवू."

---

बायपासवरच्या दुकानात टाय लावलेला एक माणूस होता. टाय लावून चाकांचं काम करणारा माणूस आम्ही तिघांनीही पहिल्यांदाच पाहिला. पुंजाजी धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले होते, लग्नाला जावं तसे. टायवाला चाकांना खेकड्यासारखी यंत्रं लावत होता, तेव्हा पुंजाजी मागे हात बांधून प्रत्येक चाकापाशी जाऊन वाकून बघत होते.

"शेठ नाही बसवले?" त्यांनी विचारलं.

"कोण शेठ?"

"वजन. गाडीत वजन नाही ठेवलं."

"गरज नाही काका. मशीन धरून घेते."

"धरून घेते?" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हुशार हाय."

मग पडद्यावर आकडे आले. पुंजाजी इतके जवळ गेले की नाक लागेल.

"लाल काहून हाय?"

"लाल म्हणजे चूक, काका. चाकं आत आहेत. सहा मिलिमीटर. दोनच्या खाली पाहिजे."

"सहा मिलिमीटर म्हंजे..." त्यांनी बोटाच्या पेरावर अंगठा फिरवला. "दोन सूत. मी अर्धं ठेवलं व्हतं."

"हाताने एवढं बारीक कळत नाही हो, काका."

"कळते," ते म्हणाले. मग, त्या माणसाला नव्हे, पडद्याला म्हणाले, "कळत व्हतं."

टायवाल्याने विचारलं, "करून देऊ का बरोबर?"

"नको. माही चूक हाय, मीच घरी..."

"बाबा," दिगंबर म्हणाला. "ठरलं होतं."

पुंजाजींनी मान हलवली. "हाव. ठरलं व्हतं. मनोहर, तू मंग इथूनच करून घेजो कधी."

मी हो म्हणालो. येताना ते मागच्या सीटवर बसले होते. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता, म्हणून मी आरसा थोडा वर केला. घरी पोहोचल्यावर त्यांनी दोरी कोपरापासून पंजापर्यंत घालून नीट गुंडाळली, ओळंबा पुसला, डबा बंद केला आणि कुसुमच्या हातात दिला. "फळीवर ठेव, बेटा. वरच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर स्वतः येऊन मला शेडची किल्ली देऊन गेला. त्याच दुपारी माझी गाडी पुंजाजींच्या फरशीवर, टिनाखाली उभी होती. मी स्टिअरिंगला हात लावून पाहिला. गार होतं.

---

इथे हिशेब मिटायला हवा होता. दिगंबरचा अंदाज असा की बाबा चार दिवस रुसतील, मग पेपर वाचतील, संध्याकाळी देवळात जातील. माझाही तोच.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला मी खिडकीतून पाहिलं, पुंजाजी डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून बाहेर पडत होते. मी ओट्यावर आलो.

"काकाजी, या उन्हात कुठे?"

"डॉक्टर सपकाळकडं."

"बरं नाही का?"

"मले काय झालं? त्याइची गाडी केली व्हती मी माघात." ते चालता चालता बोलत होते. "माहा हात चुकू राह्यला ना. मंग कधीपासून चुकू राह्यला कोनाले मालूम? साल झालं, चौदा गाड्या केल्या मी. एकाएकाच्या घरी जाऊन सांगा लागन, का बाप्पा, माह्या भरवशावर राहू नका, मशीनवर पाहून घ्या."

"अहो, निरोप पाठवू की. दिगंबर सांगेल."

"चूक माही, आन सांगन दिगंबर?"

ते गेले. मी ओट्यावर उभा राहिलो. सांगायची पहिली वेळ ही होती. मी ती हिशेबात धरली आणि पुढे ढकलली.

त्यांनी सायकल कधीच सोडली होती, रिक्षा त्यांना चालत नसे. रोज एक घर, कधी दोन. दुपारीच निघायचे, कारण मालक जेवायला घरी सापडतात. दारात उभं राहून सांगायचे, डोळे गेले माहे, गाडी दाखवून घ्या. नुसतं सांगून परत येत नसत. लोक गाडी मशीनवर नेईपर्यंत दुसऱ्यांदा जात, तिसऱ्यांदा जात. गावभर चर्चा झाली. दिगंबरच्या कॉलेजात त्याला लोक थांबवून विचारू लागले, "वडिलांना काय झालं हो?" बाप गाडीखाली पडलेला गल्लीला दिसायचा, आता उन्हात दारोदार फिरताना अख्ख्या गावाला दिसत होता.

"बाबा, पुरे करा," तो एकदा अंगणात ओरडला. माझ्या घरात ऐकू आलं. "कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"म्हनूनच सांगा लागते," पुंजाजी म्हणाले.

आणि निकाल येऊ लागले. डॉक्टर सपकाळांची गाडी बरोबर निघाली. कापसाच्या जिनवाल्या राठींची अँबॅसेडर बरोबर. वकील देशपांडे मला बाजारात भेटले आणि हसत म्हणाले, "तुमचे मिस्त्री येडे झाले काय? मशीनवाला म्हणतो, इतकी सरळ गाडी महिनाभरात आली नाही." मीही हसलो. घरी येऊन मोजलं, सहा झाल्या होत्या. मग आठ. मग अकरा. मी आयुष्यभर बेरजा केल्या, पण एखादी बेरीज पूर्ण होऊ नये असं मला त्या आधी कधी वाटलं नव्हतं. एक तरी गाडी चुकीची निघो, अशी मी इच्छा करत होतो. निघाली नाही.

दिगंबर एकदा मला शेडपाशी गाठून हळू आवाजात म्हणाला, "मनोहरभाऊ, इतकं करायला नको होतं."

"इतकं म्हणजे?"

"मी काय खोटं वाचा म्हणालो होतो?"

नव्हताच म्हणाला. मी त्याला तसं सांगितलंही.

---

बाराव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, पुंजाजी आपल्या घरी न जाता माझ्या ओट्यावर आले आणि पायरीवर बसले. चेहरा वाळलेल्या मिरचीसारखा झाला होता. मी पाणी आणलं. तांब्या वरून धरून ते प्यायले, उरलेलं पायांवर ओतलं. मग खिशातून दोरीचा एक तुकडा काढला. डब्यातली दोरी नव्हे, दुसरीच, जाडसर. तिला गाठी मारलेल्या होत्या.

"लिहाले दिसत नाही," ते म्हणाले. "म्हनून गाठी मारल्या. मोज."

मी मोजल्या. चौदा होत्या.

"चौदाही बरोबर निंगाल्या."

"चांगलं झालं की, काकाजी!"

"हाव. चांगलंच झालं." त्यांनी दोरी परत घेतली. बोटांनी एकेक गाठ चाचपत राहिले. "हात तोच. डोळे तेच. टेप तोच. चौदाइचे आकडे ज्याचे त्यानं वाचले. मंग तुहीच एक कशी गेली रे, मनोहर?"

ही शेवटची वेळ होती. मला ते तेव्हाच कळलं होतं. आणि माझ्या तोंडून जे आलं ते मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "उन्हात उभी असायची ना माझी गाडी. लोखंड पसरलं असेल."

पुंजाजींनी मान वर केली. शेडकडे पाहिलं. तिथे माझी फियाट उभी होती, टिनाखाली, त्यांच्या फरशीवर. त्या धुरकट डोळ्यांना ती किती दिसली असेल माहीत नाही. बराच वेळ पाहत होते.

"असन," ते म्हणाले. "ऊन लय हाय." मग गुडघ्यावर हात देऊन उठले. "आता सावलीत हाय. आता नाही पसराची."

आणि घरी गेले.

त्या रात्री त्यांना ताप भरला. ऊन लागलं होतं. सतरा दिवस अंथरुणावर होते. कुसुम कैरीचं पन्हं करायची, ओल्या फडक्याने अंग पुसायची. मी रोज विचारपूस करायला जात होतो. ते माझ्याशी राजकारणावर बोलत.

बरे झाल्यावर लोक गाड्या घेऊन येऊ लागले. चौदा जणांनीच गावात सांगितलं होतं की मशीनपेक्षा मिस्त्री बरा. पुंजाजी सगळ्यांना परत पाठवत. "एक चुकली व्हती ना माही. शब्द देल्ला व्हता." कोणाची चुकली, हे एकालाही सांगितलं नाही. नाव घेतलं असतं तर माझं गेलं असतं, आणि माझ्यामागोमाग दिगंबरचं.

---

माझी गाडी मी दुरुस्त करून घेतली नाही. बायपासवर जाऊन त्या पडद्यासमोर पुन्हा उभं राहायचं माझ्याने झालं नाही. ती तशीच दोन सूत आत ओढत धावत राहिली आणि पुढची टायरं खाऊ लागली.

डिसेंबरात पुंजाजींचा मोतीबिंदू काढला. जाड भिंगांचा चष्मा लावून ते पहिल्या आठवड्यात सगळं गाव नव्याने बघत हिंडले, कुसुमला म्हणाले, "तू तर काळी निंगाली बेटा," आणि ती खूप हसली. एका सकाळी मी शेडमध्ये गाडी पुसत होतो तेव्हा ते आले. न बोलता पुढच्या टायरपाशी उकिडवे बसले. तळहात टायरवरून बाहेरून आत फिरवला. मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत लागत होतं, दुसऱ्या बाजूने करवतीसारखं.

"दोन सूतच व्हतं," ते म्हणाले. "नाही करून घेतलं तू."

"राहून गेलं."

"हं." त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "कुसुम, डबा दे वं खाली."

"काकाजी, तुम्ही शब्द..."

"मी हात नाही लावत. तू शिर खाली."

मी ऑडिटर माणूस. पांढरा लेंगा घातलेला. तरी शिरलो. फरशी पाठीला बर्फासारखी लागत होती. त्यांनी बाहेरून सांगितलं तसा पाना लावला, नट सोडला. टेपचं एक टोक कुसुमने धरलं, दुसरं त्यांनी.

"आकडा मी वाचतो," ते म्हणाले. "गाडी माही नाही, पन वाचतो. पुढून, अठ्ठेचाळीस इंच, पावनेतीन सूत."

हा तोच आकडा. आठ महिन्यांपूर्वी मी जो गिळला होता. त्यांनी तो मोठ्याने, स्वच्छ वाचला आणि थांबले. मला गाडीखालून त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"काकाजी," मी म्हणालो. "त्या दिवशी मी..."

"पाना फिरव."

"नाही, मला सांगायचंय..."

"अर्धा वळसा फिरव मनोहर, जास्त नको. बोलता बोलता जास्त होते."

मी अर्धा वळसा फिरवला. त्यांनी वाचलं. मी पुन्हा फिरवला. अर्ध्या सुतावर आलं तेव्हा ते "झालं" म्हणाले, आणि मी बाहेर येईपर्यंत दोरी गुंडाळून घरात निघून गेलेले होते. पुन्हा त्या गोष्टीवर आमचं बोलणं झालं नाही. तीन वर्षांनी ते गेले.

आता एकूण बेरीज. दिगंबरला बाप घरी बसलेला हवा होता, तो मिळाला. बदल्यात त्याने काहीच दिलं नाही, निदान मला दाखवलं नाही. मी पुढची दोन टायरं दिली. बाकी सगळं पुंजाजींनी भरलं: दोरी, हातचं काम, सतरा दिवसांचा ताप, आणि चौदा घरांपर्यंतचा रस्ता, जाऊन येऊन, दुपारी बाराच्या उन्हात. त्या बाराही दिवशी माझी गाडी सावलीत उभी होती.